बर्लिनला येताय, दोघांची नोकरी आणि पदरात पोर: मावशी नाहीत, आजी नाही, मग करायचं काय

पुण्यात वाकडला आमच्याकडे सकाळी साडेसातला पोळ्यांच्या मावशी यायच्या, नऊला धुणंभांडी आणि केर-फरशीच्या ताई, लेक दुपारपर्यंत सोसायटीतल्याच पाळणाघरात काकूंकडे आणि तिथून पुढे माझी आई. म्हणजे आम्हा दोघांच्या नोकऱ्या चालाव्यात म्हणून चार बायका राबत होत्या आणि आम्ही मात्र नातेवाइकांत सांगत फिरायचो की आम्ही दोघं मिळून सगळं मॅनेज करतो. बर्लिनला आलो, एका विमानप्रवासात चौघीही मागे राहिल्या, आणि मग कळलं मॅनेज कोण करत होतं ते.

लेक तेव्हा दोन वर्षांची होती. आता दर महिन्याला कुणीतरी मैत्रिणीची मैत्रीण मेसेज करते की आम्ही पण येतोय, मुलाचं कसं करायचं, बाई मिळते का. प्रत्येकीला तेच तेच टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. हे बर्लिनचं आहे, जर्मनीतल्या बाकी शहरांत फी आणि अर्जाची पद्धत वेगळी असते, पण गाडी साधारण याच रस्त्याने जाते.

आधी डोक्यातून काय काढायचं ते सांगते

आपल्या मावशींना सोबत आणता येत नाही. घरकामासाठी माणूस आणायचा व्हिसा साध्या नोकरदार कुटुंबाला मिळतच नाही. मग कोणीतरी सुचवतं की ओ-पेअर आणा, म्हणजे तरुण मुलगी तुमच्या घरी राहते, मूल सांभाळते, तुम्ही तिला खोली, जेवण आणि महिन्याला २८० युरो हातखर्च देता. ऐकायला झकास वाटतं. पण ती मुळात भाषा आणि संस्कृती शिकायला येते, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम, वय २७च्या आत, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि ज्या घरात जर्मन बोललं जातं तिथेच ती येऊ शकते, शिवाय घरची मंडळी तिच्याच देशातली असून चालत नाही. त्यामुळे गावाकडची आतेबहीण ओ-पेअर म्हणून आणायचा प्लॅन असेल तर तो इथेच सोडा.

आजी-आजोबांचं म्हणाल तर शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, त्याच्यापुढे एक दिवस नाही. त्यावर मी खाली बोलते, कारण ते ९० दिवस कधी वापरायचे यात बरंच काही आहे.

पायरी पहिली: दोघांनी एकाच वेळी जॉईन होऊ नका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. इथलं पाळणाघर म्हणजे किटा. किटात ॲडमिशन मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मूल सोडलं आणि ऑफिसला गेलो असं होत नाही. आधी आइनगेव्होनुंग असतं, म्हणजे मुलाला सवय लावणं, आणि त्यात आई किंवा बाबांपैकी एकाने रोज मुलासोबत किटात जायचं असतं. दोन आठवडे, चार आठवडे, कधी सहा. आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं, कंपनीच्या रिलोकेशनवाल्या बाईंनीही नाही, आणि माझी जॉईनिंग डेट किटाच्या पहिल्या तारखेनंतर बरोबर चौथ्या दिवशी होती. मग काय, नवीन मॅनेजरला पहिल्याच आठवड्यात फोन करून तारीख पुढे ढकलायची विनंती. हो म्हणाला बिचारा, पण माझी चार रात्री झोप उडाली होती.

म्हणून ज्याची नोकरी आधी पक्की झाली त्याने आधी जॉईन व्हायचं आणि दुसऱ्याने आपली तारीख किटा सुरू झाल्यावर निदान पाच-सहा आठवडे पुढची मागायची. बरीच जोडपी नाहीतरी अशीच येतात, एक आधी, दुसरा नंतर, तर तो दुसरा मधल्या काळात 'घरी बसलाय' असं समजू नका, त्या महिन्यात त्याचंच काम सगळ्यात जास्त असतं.

पायरी दुसरी: पुण्यातून निघायच्या आधीचे कागद

मुलाचा जन्मदाखला ज्यावर इंग्रजीही आहे तो घ्या, नाव पासपोर्टवर जसं आहे अक्षरन् अक्षर तसंच आहे ना बघा. लसीकरणाचं पुस्तक हँडबॅगेत, चेक-इन बॅगेत नाही. कारण २०२० पासून इथे गोवराच्या लसीचा पुरावा नसेल तर किटात घेतच नाहीत, वर्षाच्या मुलाला एक डोस आणि दोन वर्षं पूर्ण झालेल्याला दोन. आपल्याकडे हे डोस दिलेलेच असतात, फक्त पुस्तकात डॉक्टरांचं अक्षर आणि अर्धवट उडालेला शिक्का असतो, तेव्हा निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून एका लेटरहेडवर सगळ्या लसी तारखांसकट टाइप करून आणा. आमच्या इथल्या डॉक्टरीण बाईंनी तो कागद बघून दोन मिनिटांत सगळं इथल्या लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेत उतरवलं. फक्त दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून जरा थबकल्या, कारण इथे ती लस १९९८ नंतर सरसकट देत नाहीत.

आणि एक गोष्ट जी कागद नाही पण तितकीच महत्त्वाची आहे. मुलाला हाताने खायला शिकवा. मी खरं सांगते, माझी लेक दोन वर्षांची होईपर्यंत आई तिला गोष्ट सांगत, कावळा-चिमणी दाखवत भरवायची. इथे दीड वर्षाचं पोर चमचा-काटा घेऊन स्वतः जेवतं, सांडतं, परत घेतं, आणि कोणी मागे घास घेऊन पळत नाही. पहिले काही दिवस लेक ताटासमोर तोंड उघडून बसायची. निघायच्या आधी तीन महिने घरी सवय लावली असती तर तिचे ते दिवस वाचले असते.

पायरी तिसरी: गुटशाइन वेगळं आणि जागा वेगळी

इथे सगळे गोंधळतात म्हणून नीट वाचा. बर्लिनमध्ये दोन गोष्टी लागतात. एक गुटशाइन, म्हणजे सरकारी कूपन, जे तुमच्या भागातल्या युगेंडआम्टकडून म्हणजे बालकल्याण कार्यालयातून मिळतं. दुसरी प्रत्यक्ष किटातली जागा, जी तुम्ही स्वतः शोधायची. कूपन आलं म्हणून जागा मिळाली असं नाही. कूपनचा अर्ज किटा सुरू करायच्या तारखेआधी लवकरात लवकर नऊ महिने आणि उशिरात उशिरा दोन महिने असा करायचा असतो, त्यामुळे आल्या आल्या पहिलं काम पत्त्याची नोंदणी म्हणजे अनमेल्डुंग, आणि त्याच आठवड्यात कूपनचा अर्ज.

कूपन तासांचं असतं. पाच ते सात तासांचं सहज मिळतं, सात ते नऊ तासांच्या पूर्ण दिवसाच्या कूपनला दोघांच्याही नोकरीचे कागद जोडावे लागतात, आणि जाण्यायेण्याचा वेळही त्यात धरतात, तो लिहायला विसरू नका. बर्लिनमध्ये २०१८ पासून किटाची फी नाही, फक्त दुपारच्या जेवणाचे महिन्याला २३ युरो. हो, तेवीस. आमच्या वाकडच्या पाळणाघराची फी यापेक्षा कितीतरी जास्त होती! काही किटा नाश्ता किंवा इंग्रजी किंवा योगा वगैरे सांगून वर थोडे मागतात, ते आधी विचारून घ्या. म्युनिक-स्टुटगार्टवाल्यांनी हे वाचून खूश होऊ नका, तिकडे फी असते.

कायद्याने २०१३ पासून जर्मनीत एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाचा जागेवर हक्क आहे, आणि बर्लिनच्या वरच्या कोर्टाने २०१८ मध्ये सांगूनही टाकलंय की शिक्षक नाहीत, जागा नाहीत ही सबब चालणार नाही. पण कोर्टाचा निकाल फ्रेम करून लावला तरी सोमवारी सकाळी मुलाला कोणी सांभाळत नाही, तेव्हा शोधाशोध करावीच लागते. काही वर्षांपूर्वीपर्यंत लोक पोटुशी असतानाच यादीत नाव घालायचे, आता शहरात जन्म कमी झालेत त्यामुळे बऱ्याच ठिकाणी जागा मिळतात, आधीसारखं रडायची वेळ येत नाही.

शोधायचं कसं: शहराची किटा नाविगाटोर नावाची साइट आहे तिथे घराचा पत्ता टाका, चालत पंधरा मिनिटांच्या आतल्या सगळ्या किटा लिहून काढा, आणि प्रत्येकीला जर्मनमध्ये चार ओळींचा मेल करा: मुलाची जन्मतारीख, कधीपासून हवंय, किती तास, पत्ता. भाषांतराच्या ॲपने चालतं. आम्ही तीस-एक मेल केले, उत्तरं आली सात, बघायला बोलावलं तिघांनी. उत्तर आलं नाही तर सकाळी नऊच्या सुमारास फोन करा, बारा ते दोन मुलं झोपलेली असतात तेव्हा अजिबात नाही.

इंग्रजी किटाच हवी असा हट्ट बरेच जण धरतात. माझं मत विचाराल तर घराजवळची साधी जर्मन किटा घ्या. जानेवारीत अंधारात, बर्फात, झोपेतून उठलेलं पोर घेऊन दोन ट्राम बदलायच्या असतील तर त्या इंग्रजीचं काय लोणचं घालायचंय. किटा मिळतच नसेल तर टागेसमुटर असते, सरकारी परवाना असलेली बाई जी चार-पाच मुलं सांभाळते, आपल्या काकूंसारखंच पण कागदोपत्री. लहान बाळासाठी मला तर ते जास्त बरं वाटतं, फक्त ती आजारी पडली की सुट्टी, तेव्हा तिच्या बदली कोण ते आधीच विचारा.

पायरी चौथी: सवय लावायचे ते आठवडे

पहिले तीन दिवस मी आणि लेक फक्त एक तास जायचो. मला कोपऱ्यात एक खुर्ची दिली, माझ्या घोट्याएवढी उंच, आणि शिक्षिका म्हणाली तुम्ही फक्त बसा. मुलीने हाक मारली तर हसा, जवळ आली तर घ्या, पण खेळायला जाऊ नका आणि मोबाइल नको. आपल्याला हे जमत नाही हो, हात शिवशिवतात, कोणी तिचा ठोकळा घेतला की आपण उठणारच. चौथ्या दिवशी पहिल्यांदा मी तिला 'आई येते हां' म्हणून सांगून बाहेर पॅसेजमध्ये गेले. सांगून जायचं, गुपचूप सटकायचं नाही, हा इथला नियम आहे आणि खरं तर तो आपल्याकडेही हवा. ती रडली, शिक्षिकेने उचललं, दहा मिनिटांत मला परत बोलावलं. मग वीस मिनिटं, मग तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. मधे सर्दी झाली की दोन पावलं मागे. आम्हाला पाच आठवडे लागले.

भाषेची काळजी सगळ्यांना असते. मी एका कागदावर मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून शेजारी जर्मन अर्थ लिहून दिले: पाणी, शू, दुखतंय, आई येते, भूक, नको. त्यांनी तो कागद कपाटावर चिकटवला. तिसऱ्या आठवड्यात मी आणायला गेले तर ती सहा फुटी शिक्षिका गुडघ्यावर बसून माझ्या लेकीला गंभीरपणे विचारत होती, 'शू? शू?' हे तुम्हीही करा, पहिल्याच दिवशी करा. घरी मात्र मराठीच बोला, जर्मन किटाच शिकवते. आमची लेक सात-आठ महिन्यांत आमचे उच्चार सुधारायला लागली.

पायरी पाचवी: पैसे आणि विमा, पटकन

किंडरगेल्ड म्हणजे मुलामागे मिळणारे सरकारी पैसे, २०२६ पासून महिन्याला २५९ युरो. ब्लू कार्डवाल्यांनाही, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्यांनाही मिळतात. अर्ज फामिलिएनकासेकडे म्हणजे हे पैसे देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे करायचा, आणि मागचे फक्त सहा महिन्यांचेच पैसे देतात, म्हणून 'सेटल झालो की करू' म्हणू नका.

विम्याचं जास्त महत्त्वाचं आहे. पगार चांगला असेल तर आल्या आल्या एजंट खासगी आरोग्य विमा गळ्यात मारायला बघतात, स्वस्त दिसतो म्हणून. सरकारी विम्यात मुलं आणि न कमावणारा जोडीदार फुकटात येतात, आणि मूल आजारी पडलं की प्रत्येक पालकाला मुलामागे वर्षाला १५ दिवस सुट्टी मिळते जिचे पैसे विमा कंपनी देते, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून, मूल बारा वर्षांच्या आत असेपर्यंत. खासगीत हे पैसे नाहीत. आणि पहिल्या हिवाळ्यात हे पंधराही दिवस कमी पडतात. आमचा पहिला नोव्हेंबर ते मार्च म्हणजे नाक, खोकला, उलटी, डोळे, परत नाक. ताप उतरून पूर्ण दिवस झाल्याशिवाय किटात घेत नाहीत. पुण्यात पॅरासिटामॉल देऊन पाठवायचो तसं इथे करू नका, दहाला फोन येतो आणि मग तुम्ही मीटिंगमधून उठून धावता. दोघांनी रविवारी रात्री कॅलेंडर उघडून ठरवून टाका की या आठवड्यात सोमवारी आजारी पडली तर कोण, मंगळवारी पडली तर कोण. भांडणं निम्मी होतात.

किटात 'मुलाला कोण नेऊ शकतं' याची लेखी यादी असते, त्यात आईबाबांशिवाय निदान दोन नावं घाला. ओळखीचं कोणी नसेल तर त्याच किटातल्या दुसऱ्या आईशी ओळख करून घ्या. आमच्या यादीत खालच्या मजल्यावरच्या पोलिश बाई आहेत.

पायरी सहावी: घरकामाला माणूस

रोजची मावशी ही कल्पना इथे नाही. मिळते ती आठवड्याला किंवा पंधरवड्याला दोन-तीन तास सफाईला येणारी बाई किंवा पुरुष. भांडी, पोळ्या, कपड्यांच्या घड्या विसरा. आणि ती 'अगं जरा एवढं पण कर' ऐकत नाही, जे ठरलंय ते करते, वेळ झाली की बाय.

दोन रस्ते आहेत. सफाई कंपनीकडून घ्यायची, बिल येतं, बँकेतून पैसे भरायचे, आणि त्याच्या २० टक्के करातून वजा होतात. किंवा स्वतः ठेवायची, तेव्हा ती मिनीजॉब म्हणजे थोड्या पगाराची छोटी नोकरी म्हणून नोंदवायची. एक पानाचा ऑनलाइन फॉर्म आहे, महिन्याला ६०३ युरोपर्यंत पगार (२०२६ चा आकडा), ताशी कमीत कमी १३.९० युरो, वर तुम्ही साधारण पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर सरकारला भरता जे वर्षातून दोनदा खात्यातून आपोआप जातं. आठवड्याला तीन तास धरले तर तिला महिन्याला १८०-१९० युरो जातात. करात वर्षाला ५१० युरोपर्यंत परत मिळतात. तिला पगारी सुट्टी आणि आजारपणाची रजा पण द्यायची असते, बरोबरच आहे ते.

ग्रुपवर कोणीतरी हमखास सांगतं, कशाला नोंदवता, कॅशमध्ये द्या, सगळे देतात. नका करू. नोंदवलेल्या बाईचा अपघात विमा त्यातच येतो. इथल्या जुन्या बिल्डिंगच्या खिडक्या उंच असतात, स्टुलावरून पडली तर नोंदणी नसलेल्या बाईचं दवाखान्याचं बिल तुमच्या दारात येऊ शकतं, आणि तुम्ही इथे व्हिसावर आहात.

अजून एक, जरा टोचेल. आपल्या मराठी विद्यार्थ्यांना 'ये ना जेवायला, आणि तीन तास पिल्लूकडे बघ' असं करून फुकट राबवू नका. मूल सांभाळायला बोलावलं तर तासाचे पैसे द्या, नोंदवा, त्यांच्या कामाच्या दिवसांना वर्षाची मर्यादा असते तीही विचारा. ताई-दादा म्हणत फुकट काम करून घेणाऱ्यांबद्दल पोरं आपापसांत काय बोलतात ते मी ऐकलंय.

पायरी सातवी: माणूस नाही तर काम कमी करा

सोफ्याआधी डिशवॉशर. इथे भाड्याचं घर बऱ्याचदा किचनशिवाय मिळतं, कधीकधी सिंकसुद्धा नसतं, तेव्हा किचन बसवतानाच त्याची जागा सोडा. भारतातून भांडी आणताना नॉनस्टिक, लाकडी, पितळी नको, सरळ स्टीलची, जी मशिनमध्ये जातील. कपडे वाळवायचा ड्रायर, कारण डिसेंबरात स्टँडवरची जीन्स तीन दिवस ओली असते. केर काढायचा रोबो.

पोळ्या रोज हा हट्ट मी स्वतः तीन महिने धरला आणि मग सोडला. आता कणिक रविवारी आणि बुधवारी मळते, भारतीय दुकानातला आटा, आणि बाकी दिवशी भात, ब्रेड, फ्रोझन पराठे. लेकीला किटात दुपारी गरम जेवण मिळतंच, संध्याकाळी ब्रेड-चीज-काकडी खाऊन ती खूश असते, अपराधी मीच वाटून घेत होते. शाकाहारी असाल तर किटाला आधी सांगा, इथे ते सहज समजतात, फक्त जिलेटीनवाली, म्हणजे प्राण्यांपासून केलेला पदार्थ असलेली गोळीही नको हे वेगळं सांगा. रविवारी दुकानं बंद, आणि रविवारी व्हॅक्यूम, मिक्सर, हातोडा नको, शेजारी दार वाजवतात. कुकरच्या शिट्टीवर आमच्याकडे अजून कोणी आलेलं नाही.

आता आजी-आजोबा

सगळे पहिल्या महिन्यात बोलावतात. मी पण बोलावलं, आणि चूक केली. नवीन घर, खोकी, लिफ्टशिवाय चौथा मजला, बाहेर दुपारी चारला अंधार, आणि लेक आजीला चिकटून, किटात जायला तयारच नाही. ९० दिवस त्यातच संपले. त्यापेक्षा उन्हाळ्यात बोलवा, कारण किटा जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे चक्क बंद असते, वर नाताळाची सुट्टी आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगचे दिवस. या बंदच्या तारखा किटा वर्षाच्या सुरुवातीलाच देते, तो कागद मिळाला की त्याच दिवशी व्हिसाची अपॉइंटमेंट आणि तिकिटं बघा. प्रवास विमा निदान ३०,००० युरोचा लागतो, पण आईवडिलांची बीपी-शुगर त्यात कव्हर होते का ते बारीक अक्षरात वाचा.

मूल सहा वर्षांचं होत असेल तर किटा नाही, शाळा आणि होर्ट म्हणजे शाळेनंतरचं पाळणाघर, त्याचा अर्जही त्याच युगेंडआम्टकडे.

शेवटी किटाच्या पहिल्या दिवशीची पिशवी: घरातली चप्पल, दोन जोड कपडे, रबरी बूट, टोपी, आणि मात्शहोजे, म्हणजे चिखलात लोळायची रबरी पँट, कारण पाऊस असला तरी मुलं रोज बाहेर खेळतात. सेकंडहँड घ्या, एक साइझ मोठी. प्रत्येक वस्तूवर नाव, मोज्यावरसुद्धा. आणि जॅकेट स्वतः घालायला शिकवा: जमिनीवर आतली बाजू वर करून पसरायचं, गळ्याकडे पाय करून उभं राहायचं, हात बाह्यांत घालून डोक्यावरून मागे टाकायचं. लेकीने मला शिकवलं हे, मला माहीत नव्हतं.